एक माणूस, एक कार्ड

“घाई कोणाला आहे? ती माणसं केव्हाच गेलीत.”

बाईंचं हे वाक्य आमच्या ऑफिसात दिवसातून चारदा तरी ऐकू यायचं. साहेब मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत टेबलापाशी आले की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या, हातातलं भिंग खाली ठेवायच्या आणि हे म्हणायच्या. मग चष्मा पुन्हा नाकावर आणि बोट पुन्हा त्याच ओळीवर. साहेब दोन मिनिटं उभे राहून परत जायचे. आपण बरोबर असूनही ज्यांच्यासमोरून मुकाट्याने परत फिरावं लागतं, अशी माणसं पुण्यात तुम्हीही पाहिली असतील.

बाईंचं नाव मी इथे लिहिणार नाही. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. पगारपत्रकावर एक नाव होतं, पण त्याची गोष्ट पुढे सांगायचीच आहे.

आमचं ऑफिस बुधवार पेठेत. खाली वायरी आणि स्पीकर विकणारी दुकानं, वर दुसऱ्या मजल्यावर आम्ही सात जण. काम जरा चमत्कारिक होतं. अमेरिकेतल्या लोकांना आपले पूर्वज शोधायची भारी हौस. तिकडे इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची मृत्युपत्रं, चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वह्या, जमिनीचे कागद यांचे फोटो आमच्याकडे यायचे. ते हस्ताक्षर वाचायचं, टाइप करायचं आणि कोण कोणाचं कोण ते लावून द्यायचं. मी मूळचा वर्ध्याचा. पुण्याला आयटीत जायचं म्हणून आलो आणि इथे लागलो. घरी अजूनही आयटीतच आहे असं सांगितलेलं आहे.

बाई जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या. तिथे तीस वर्षं मोडी वाचण्यात गेली होती. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, “तीनशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी अक्षर लागेल का तुम्हाला?” बाईंनी समोरचा कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, “मोडी लागतं. त्यापुढे हे म्हणजे बालवाडी आहे.” दुसऱ्या दिवसापासून त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर घरून आणलेली उशी ठेवून बसल्या.

त्या मोठ्याने वाचायच्या. मनातल्या मनात वाचणं त्यांना मान्यच नव्हतं. “डोळा फसतो हो. कानाला लगेच खटकतं.” त्यामुळे कोण कुठला मेलेला शेतकरी आपल्या मुलाबाळांना काय ठेवून गेला ते सगळ्या ऑफिसला ऐकावं लागायचं, तेही बाईंच्या पेठी इंग्रजीत. मध्येच शेरा यायचा. “पिसांची गादी थोरल्याला. गाय धाकट्याला. आणि बायकोला काय, तर मरेपर्यंत अर्धी चूल वापरायचा हक्क. उपकारच केले म्हणायचे.”

सगळ्यांना कॉम्प्युटर असताना बाई पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं वापरायच्या. वर माणसाचं नाव, खाली जन्म, लग्न, मृत्यू आणि तळाशी मुलं. त्यांचे नियम दोनच. एक माणूस, एक कार्ड. आणि एक मूल, एक आई. “बापाचं काय, तो कागदावर सापडतोच,” त्या म्हणायच्या. “पण एकच मूल दोन बायकांच्या कार्डांवर दिसलं की समजायचं, आपण कुठेतरी माती खाल्ली.” माझ्या हातून पहिल्याच महिन्यात असं एक मूल दोन कार्डांवर गेलं होतं. बाईंनी दोन्ही कार्डं माझ्यासमोर ठेवून विचारलं होतं, “तुमच्या तिकडे अशीच पद्धत आहे का?”

त्यांच्या गळ्यात काळ्या गोफात रुपयाएवढा चांदीचा टाक असायचा. त्यावर कोणा एका बाईची आकृती उठवलेली. टाक आपण देवघरात पाहतो, गळ्यात कशाला, म्हणून मी एकदा विचारलं, “कुलदैवत का?” बाई म्हणाल्या, “तसंच काहीसं.” मी तिथेच समाधान मानलं. पुढे हे आठवलं की माझी मलाच लाज वाटायची.

अशात मार्गारेटबाईंचं काम आलं. हे नाव आमच्या बाईंनीच पाडलेलं. या मार्गारेटबाई अमेरिकेत, वय शहाऐंशी, मागे कोणी नाही. घराण्याच्या जुन्या दफनभूमीत सगळ्यांना दगड होते, फक्त सगळ्यात जुन्या जोडप्याला नव्हता. तो आपल्या हयातीत बसवायचा असं त्यांनी ठरवलं होतं. पुरुषाचं नाव जोसाया, बायकोचं हॅना, मुलं अकरा. कोणा चुलतभावाने फार वर्षांपूर्वी केलेली वंशावळ सोबत होती. आम्ही ती फक्त तपासून द्यायची. त्यासाठी वीस तास मंजूर होते.

बाईंनी चर्चच्या वहीतून अकराही बाप्तिस्मे काढले आणि हॅनाच्या कार्डावर एकाखाली एक लिहिले. मग पेन ठेवून बोटांवर काहीतरी मोजत बसल्या.

“पहिल्या मुलापासून शेवटच्यापर्यंत एकतीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “पहिलं अठराव्या वर्षी झालं धरलं तरी शेवटचं एकोणपन्नासाव्या. आणि शेवटची जुळी. हे कोणा पुरुषाने केलेलं दिसतंय.”

“चुलतभाऊच होता,” मी म्हटलं.

“तेच. आणि हे बघा. पहिल्या मुलानंतर सात वर्षं काही नाही. मग दर तीन वर्षांनी पाळणा. या मधल्या जागेत ती गेली. ही पुढची दुसरी आहे.”

“पण नाव तर हॅनाच आहे.”

“एका नावाच्या दोघी असतात,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक कोरं कार्ड काढलं. त्यावरही हॅना लिहिलं आणि पुढचं सगळं रिकामं सोडलं.

साहेबांना हे अजिबात रुचलं नाही. “अहो बाई, घरचे लोक स्वतः एक हॅना सांगतायत. आपण कशाला दोन करायच्या?”

“आपण करत नाही. होत्या का ते बघतोय.”

“वीस तास संपलेत.”

“घाई कोणाला आहे?”

साहेबांनी ते काम त्यांच्या यादीतून काढलं. बाईंनी ते जेवणाच्या सुट्टीत घेतलं. डब्यातली पोळीभाजी डाव्या हाताला, पडद्यावर कुठल्यातरी खेड्याची नोंदवही, आणि उजव्या हाताचं बोट ओळीवर. अर्ध्या दिवसाचा शनिवार त्या पूर्ण करू लागल्या. आसपासच्या गावांची त्यांनी यादी केली आणि एकेका गावाच्या वह्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचल्या. पानं पाण्याने धुऊन निघालेली, कडा उंदरांनी खाल्लेल्या. डोळ्यांत औषधाचे थेंब घालून पाच मिनिटं मान वर करून बसायच्या आणि पुन्हा वाचायला लागायच्या. पहिले काही दिवस मी मनात म्हणायचो, या वयात हा हट्ट कशाला? मग मीही शनिवारी थांबायला लागलो. का, ते नीट सांगता येणार नाही. त्या एकट्या वाचत असताना जिना उतरून जाणं जमेना, एवढंच.

तीन महिने असे गेले. मग मार्गारेटबाईंचं पत्र आलं की दगड कोरणारा आता थांबायला तयार नाही, आहे तेच कोरू का? साहेब म्हणाले, हो म्हणून कळवा. बाईंनी मला समोर बसवलं आणि उत्तर सांगितलं: “कागदावरची चूक खोडता येते, दगडावरची येत नाही. तुम्ही ज्या थोरल्या मुलाच्या वंशातल्या, त्याची आई कदाचित या दगडावर नसेलच. आम्हाला पंधरा दिवस द्या.” साहेबांना न विचारता मी ते पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यात एवढंच होतं: घ्या.

“आता माहेर शोधायचं,” बाई म्हणाल्या. “सासरचे विसरतात. माहेरचे नाही विसरत.”

म्हणजे काय, तर त्या भागातल्या ज्या ज्या म्हाताऱ्यांना हॅना नावाची मुलगी होती, त्यांची मृत्युपत्रं वाचायची. अशी चौतीस निघाली. बाराव्या दिवशी, शनिवारी दुपारी, ऑफिसात आम्ही दोघंच होतो. बाई एका म्हाताऱ्याचं मृत्युपत्र नेहमीसारखं खणखणीत आवाजात वाचत होत्या. गादी झाली, नांगर झाला, मेंढ्या झाल्या. आणि एकाएकी आवाज थांबला.

बाई मध्येच थांबल्या असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी उठून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. ओळ त्यांच्या बोटाखाली होती. ‘माझी मुलगी हॅना, जी आता हयात नाही, तिचा आणि जोसायाचा मुलगा, माझा नातू, याला एक कालवड आणि त्याच्या आईचा चांदीचा चमचा.’ मृत्युपत्राची तारीख त्या सात वर्षांच्या रिकाम्या जागेतली होती.

“मेलेल्या बाईला पुढे दहा मुलं व्हायची नाहीत,” मी आनंदाने म्हणालो. “बाई, सापडली की.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी गळ्यातला टाक मुठीत धरला होता.

“हिच्या वडिलांनी बैलगाडी पाठवली होती,” त्या म्हणाल्या. “लाकडाची. खेळण्यातली. नातवासाठी.”

“कोणाच्या वडिलांनी?”

“हिच्या.” त्यांनी मूठ उघडली. “ही माझी सवत. मी बिजवराला दिलेली. दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात, तिने त्रास देऊ नये म्हणून. हिने कधी दिला नाही. बिचारी नुसती लटकून होती.”

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, त्याच कोरड्या आवाजात, जणू तेही कोणाचं तरी मृत्युपत्र होतं. पहिली तापाने गेली तेव्हा मुलगा दीड वर्षाचा होता. वर्षाच्या आत बाई त्या घरात आल्या. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नव्या नवरीचं नाव लिहितात. नवऱ्याने लिहिलं, ते पहिलीचंच. सासूबाईंनी तसं आधीच ठरवलं होतं.

“का पण?” मी विचारलं.

“घराच्या तोंडात बसलेलं नाव, म्हणाल्या. आणि रेशनकार्डावर होतंच. एक कमी करा, दुसरं घाला, हेलपाटे कोण घालणार?” बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “हेलपाटे मीच घातले. नोकरी लागली तेव्हा शाळेच्या दाखल्यावरचं नाव बदलून घ्यायला. सरकारदरबारी माझी सवत मेलीच नाही. मीच कुठे जन्माला आलेली नाही.”

बैलगाडी सासूबाईंनी माळ्यावर टाकली होती आणि पहिलीच्या वडिलांना पुन्हा दारात उभं केलं नव्हतं. पुढे नवऱ्याची बदली झाली, गाव सुटलं. घरं बदलली तशी बाईंनी ती बैलगाडी ट्रंकेच्या तळाशी ठेवून प्रत्येक घरात नेली. तिचं एक चाक कुठेतरी हरवलं होतं.

“मुलाला माहीत आहे?”

“नाही. सासूबाई गेल्या, हे गेले. आता जगात मला एकटीला माहीत आहे.”

“सांगणार नाही?”

बाईंनी मेजावरची हॅनाची दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. “मला नंतर मूल झालं नाही. एकच तो. आणि एक मूल, एक आई, हा नियम तर माझाच ना? त्याला हिच्या कार्डावर लिहिलं की माझ्या कार्डावर काय राहतं?”

मी खाली जाऊन दोन चहा घेऊन आलो. ते आम्ही प्यायलो आणि मग बाईंनी अहवाल लिहायला घेतला. त्यात त्यांनी शिल्लक काही ठेवलं नाही. शेवटी फक्त स्वतःच्या मनाने एक प्रश्न घातला: तुमच्याकडे एखादा जुना चांदीचा चमचा आहे का?

दीड महिन्याने फोटो आला. गवतात उभा नवाकोरा करडा दगड. त्यावर जोसाया, त्याखाली हॅना आणि तिचा एक मुलगा. त्याखाली पुन्हा हॅना आणि तिची दहा. सोबत मार्गारेटबाईंनी लिहिलं होतं, “चमचा नाही. पण तो होता, हे आता मला माहीत आहे.”

बाईंनी तो फोटो छापून घेतला आणि बराच वेळ पाहिला. “त्या दोघींची नावं आपोआप एक होती,” त्या म्हणाल्या. “आमची केलेली आहेत.” मग पर्स उघडून फोटो आत ठेवला आणि गळ्यातल्या टाकाला हात लावत म्हणाल्या, “मी गेले की ही दुसऱ्यांदा जाईल हो. आणि या खेपेला कोणी शोधायलाही येणार नाही.”

मुलगा विश्रांतवाडीला राहायचा, बाई एकट्या नारायण पेठेत. दर रविवारी त्या बसने त्याच्याकडे जायच्या. त्या रविवारी जाताना मोठी पिशवी नेली, हे मला नंतर कळलं. सोमवारी त्या ऑफिसला आल्या तेव्हा गळ्यात टाक नव्हता.

“सांगितलंत?” मी विचारलं.

“हो.”

“काय म्हणाला?”

“चहा टाकू का म्हणाला.”

“मग?”

“मग प्यायले.”

यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही. त्यानंतर लागोपाठ दोन शनिवारी निघताना मी विचारलं, “उद्या विश्रांतवाडी?” दोन्ही वेळा त्या “बघू” म्हणाल्या आणि सोमवारी त्यांचा चेहरा पाहून मला कळलं की गेल्या नाहीत. वाचन मोठ्यानेच चालू होतं. साहेबांना उत्तरंही तशीच मिळत होती. पण डबा अर्धा परत जायचा. मला त्या मार्गारेटबाईंचा, त्यांच्या दगडाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा राग यायला लागला. ‘सांगणार नाही?’ हे मीच विचारलं होतं. नंतर नंतर मी विश्रांतवाडीचं नावच काढलं नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी बाई आल्या नाहीत. अकरा वाजता साहेबांना फोन आला. झोपेतच गेल्या होत्या. त्यांच्या उशीकडे पाहत आम्ही सातजणांतले सहाजण दिवसभर काहीबाही टाइप करत राहिलो. इतकं शांत ऑफिस मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

तीन आठवड्यांनी त्यांचा मुलगा सामान न्यायला आला. पंचेचाळिशीचा, उंच, हातात हेल्मेट. कुठल्याशा कारखान्यात सुटे भाग घडवायच्या विभागात होता. मी त्याला खुर्ची दिली, भिंग दिलं, उशी दिली. त्याने उशी मांडीवर घेतली आणि विचारलं, “इथे आईला काय म्हणायचात तुम्ही?”

“बाई.”

“नावाने?”

मी पगारपत्रकावरचं नाव सांगितलं.

“ते माझ्या आईचं,” तो म्हणाला. “म्हणजे थोरल्या आईचं. हिचं वेगळं होतं.” आणि त्याने ते नाव घेतलं. चार वर्षं शेजारी बसून मी ते कधी ऐकलं नव्हतं, विचारलंही नव्हतं.

माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे. तो आपणहून बोलायला लागला. “दोन आठवडे मी तिच्याशी बोललोच नाही. सुचेचना काय बोलायचं ते. मग ती बैलगाडी कारखान्यात नेली, एक चाक लेथवर कातून बसवलं आणि तिच्याकडे घेऊन गेलो. तिने उचलून बघितली, टेबलावर चालवून बघितली. म्हणाली, चाक जरा मोठं झालंय.” तो हसला आणि मग खिडकीकडे तोंड करून बसला. “त्यानंतर रोज जायचो. रोज.”

म्हणजे त्या दोन रविवारांनंतर बाईंना विश्रांतवाडीला जायची गरजच उरली नव्हती. मुलगाच पेठेत येत होता. हे मला सांगावं असं त्यांना वाटलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

“दिवस करताना गुरुजी अडले,” तो पुढे म्हणाला. “मृत्यूच्या दाखल्यावर एक नाव, मी सांगतोय दुसरं. म्हटलं, दोघींचं करायचंय, पहिलीचं मी कधी केलेलंच नाही. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी? म्हटलं, घाई कोणाला होती?”

मी उठलो आणि कपाटातून कार्डांचा डबा काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने वरची दोन कोरी कार्डं घेतली. “हे कसं भरतात ते तिने शिकवलंय मला,” म्हणाला. पहिल्या कार्डावर त्याने थोरल्या आईचं नाव लिहिलं, खाली माहीत होतं तेवढं लिहिलं आणि तळाशी, मुलांच्या जागी, स्वतःचं नाव. मग दुसरं कार्ड ओढलं. त्यावर बाईंचं नाव घातलं, त्यांचं स्वतःचं, माहेरचं. जन्म, लग्न, मृत्यू. तळाशी आल्यावर पेन जरा थांबलं.

मग तिथेही त्याने स्वतःचंच नाव लिहिलं. दोन्ही कार्डं उचलून त्याने एकापाठोपाठ मोठ्याने वाचली, चुकलंय का बघायला. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि डब्यात शेजारी शेजारी लावली.